रुग्णाचे पूर्ण नाव

खामगावच्या शिबिरात वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारे डॉक्टर येणार होते. नवऱ्याचं नाव नोंदवायचं ते मोबाइलवर, आज पाचपर्यंत. साडेचार वाजून गेले होते. माझी लेक सुचिता अकोल्याला दवाखान्यात ड्युटीवर, तिचा फोन बंद. मला ती बारीक अक्षरं जमत नाहीत. "माईकचं चित्र दाब अन् बोल आई, तो लिहिते," असं तिनं दिवाळीत शिकवून ठेवलेलं.

लिहिते म्हणे! गाव विचारलं, मी सांगितलं वडनेर भोलजी. त्यानं लिहिलं, 'वडे नीट भाजली'. त्रास विचारला. "सहा महिन्यांखाली लकवा मारला," म्हटलं, तर 'सहा महिन्यांखाली लाख वेळा मारला'. मेल्या, मी नवऱ्याला मारते होय? पुसून पुसून बोट दुखलं. शेवटी पुण्याच्या बाईसारखं नाक वर करून बोलले, तेव्हा कुठं जमलं.

राहिलं नाव. ते मी मुद्दामच मागं ठेवलं होतं. बेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव मी कधी सरळ घेतलेलं नाही. "आमचे हे," म्हटलं. तेवढं मात्र बिनचूक लिहिलं, अन् खाली लाल अक्षरं आली: पूर्ण नाव सांगा. मग काय, घेतला उखाणा.

"कपाशीच्या वावरात तुरीची ओळ, पंजाबरावांचं नाव घेते, दिवेलागणीची वेळ."

फोननं अख्खा उखाणा नावाच्या जागी कोंबला, तोही तुरीच्या ओळीची 'पुरीची पोळी' करून. पुन्हा लाल अक्षरं: नाव फार मोठे आहे.

पाचला सात मिनिटं उरली. मागं खाटेवर हे पडलेले, सगळं बघत होते; लकवा मारल्यापासून तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. माझं टाळकं सटकलं.

"काऊन छळून राह्यला बे मले? घे! पंजाबराव! पंजाबराव इंगळे! झालं आता?"

"ओ."

मी गर्रकन वळले. तोंड वाकडंच होतं, पण वावरातून द्यायचे तशीच ओ होती. फोनमधलं नावाच्या मागचंपुढचं पुसलं, बटण दाबलं अन् खाटेशी जाऊन बसले.

"पंजाबराव."

"ओ."

मला रडू फुटलं, अन् संतापही आला. सहा महिने मी "ऐकलं का" म्हणत होते, लेक "बाबा" म्हणत होती. नावानं हाक मारणारे त्यांचे सोबती सुरुवातीला, हे शुद्धीवर नसताना दोनदा येऊन गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत.