उपाशी जीव आणि दगडफूल

सिद्धेश्वरीला कॉलेजात दोन जीवांची तुलना मांडायची होती. एक खोल समुद्राच्या तळाशी राहणारा, खेकड्याचा चुलतभाऊ शोभेल असा चौदा पायांचा कवचवाला. दुसरं आपलं दगडफूल. सराव करायला घरात अप्पांशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं. आई जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून अप्पा, म्हणजे तिचे वडील गुरुबसप्पा, बाजेवर बसून असायचे. ताट पुढं आलं की घासभर खायचे आणि "भूक न्हाय गं" म्हणत सरकवून द्यायचे.

तिनं मोबाइलवर त्या समुद्रातल्या जिवाचं चित्र दाखवलं.

"तळाला खायला फार कमी मिळतं, म्हणून हा अगदी सावकाश जगतो. जपानमधल्या एका मत्स्यालयात असा एक जीव पाच वर्षं उपाशी होता, अप्पा. मासा पुढं ठेवला तरी नुसतं तोंड लावायचा."

"मग?"

"मग मेला."

बोलून गेली आणि तिलाच चरकल्यासारखं झालं. अप्पा खाली बघत होते. तिनं घाईघाईनं दुसरं चित्र काढलं.

"दगडफूल मात्र एकटं नसतं. बुरशी आणि शेवाळ, दोघांचा संसार. शेवाळ उन्हावर अन्न करतं, बुरशी त्याला धरून ठेवते. पाणी नसलं तर वाळून पडून राहतं, ओल मिळाली की परत जगायला लागतं."

"आन् त्यातलं एक गेलं तर?"

"मला नाही माहीत, अप्पा."

अप्पा बाजेवरून उठले. मग म्हणाले, "काळा मसाला संपलाय न्हवं? चल, करू. दगडफूल हाय का डब्यात?"

दोघं स्वयंपाकघरात आले. खोबरं, धणे नीट भाजले गेले. दगडफूल टाकल्यावर सिद्धेश्वरी गॅस बारीक करायला गेली, तर अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुझी आई असंच करायची." बघता बघता धूर झाला. दोघं खोकत दारात पळाले. अप्पा खोकता खोकता हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. तिनं त्यांचा हात धरला. तिलाही रडू आवरेना.

त्याच मसाल्याची आमटी केली. कडू झाली होती. सिद्धेश्वरीनं भीत भीत त्यांच्याकडं पाहिलं.

"तुझ्या आईनं बी लग्नानंतर पैल्यांदा असाच जाळला हुता," अप्पा म्हणाले. "म्या समदी आमटी खाल्ली. त्याशिवाय जेवायलाच बसंना की ती!"

आणि भाकरी कुस्करून घेत त्यांनी वाटी पुढं केली.