कोठीच्या दाराची कडी

मित्रांनो, बावड्याच्या वाटेवरल्या एका बंद कोठीच्या दाराला गंजलेली कडी लोंबते आहे. ती मी. लोहाराने मला घडवले तेव्हा महाराजांच्या राज्यात नवी बोर्डिंगे निघत होती. प्लेगात आईबाप गेलेल्या मुलांच्या एका बोर्डिंगात मी आले. तांदूळ, जोंधळा, गूळ राखायचे माझे काम. "कडी दणकट हाय," असे बोर्डिंग सांभाळणारे पिराजी मास्तर म्हणाले, तेव्हा मी फुशारले होते.

पुढे धान्याबरोबर एक मुलगीही कोंडली जाऊ लागली. आठ वर्षांची चाँदबी. एरवी मुकाट बसणारी ही पोर एकाएकी भांडी फेकी, चावे घेई. मास्तर मनाने वाईट नव्हते. पण तीस मुले एकट्याने सांभाळताना त्यांना दुसरे काही सुचत नसे. ते तिला कोठीत घालीत आणि मला लावून निघून जात. आत ती दारावर डोके आपटी. प्रत्येक धक्का माझ्या अंगातून जाई. आम्हा दोघींमध्ये एका फळीचे अंतर, पण मला बोलता येत नव्हते. तितके एकटे मला पुन्हा कधी वाटले नाही.

एके दिवशी तिने मास्तरांचा हात रक्त येईपर्यंत चावला. "पुन्हा असं झालं तर हिला हितं ठेवायची न्हाय," तिला कोठीत कोंडून मास्तर म्हणाले. तिला जायला घर नव्हते.

स्वयंपाकीण धोंडुबाई हात पुसत आली. "मास्तर, हे मंगळवारीच का हुतंय?"

"मंगळवारचं खूळ आसंल."

"खूळ न्हवं. मंगळवारी शाहूवाडीची भाताची गाडी येती की."

तिने मला काढले, पण ती आत गेली नाही. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडू लागली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अम्मीला गाडीत घालून न्हेली. बैलांच्या माळा अशाच वाजत हुत्या."

आणि मित्रांनो, धान्याची गाडी नेमकी कोठीच्याच दाराशी लागे.

पुढच्या मंगळवारी धोंडुबाईने गाडीवान ज्ञानूला फाटकाबाहेरच गाठले. "माळा काढ."

"नवरदेवागत सजवल्यात मावशी. उघडी करू व्हय?"

"कर. लगीन लावाय न्हाय आलास."

चाँदबीला तिने सकाळीच सांगून ठेवले होते, "गाडी येणार हाय, माझ्याजवळ बस." तरी चाके दिसताच पोरीने हातातले ताट भिरकावले. मास्तरांचा हात माझ्यावर पडला.

"थांबा," धोंडुबाई हळू म्हणाली. "दम खाऊ द्या तिला."

हात तसाच राहिला. चाँदबी तिच्या पदरात तोंड खुपसून रडत होती, पण जागची हलली नाही. मग मास्तरांनी हात काढला आणि ताट स्वतः उचलले.

चाँदबी बोर्डिंगातच राहिली. मुलामागे मला पुन्हा कुणी लावले नाही. काही वर्षांनी धान्यही दुसऱ्या कोठीत गेले, आणि माझ्याकडे कुणी फिरकेनासे झाले. दिवस फार लांब वाटतो. तरी एक मागणे आहे. एखादे पोर बिथरले, तर आधी ते कशाला भ्याले हे पाहा, आणि त्याच्याजवळ बसा. माझ्यासारख्या कड्या गंजू द्या.