आठव्या डावातला चेंडू

"टाय सरळ कर, वेंडेल. लग्नात तरी जरा बरा दिसला होतास," म्हातारे कोच गॅलब्रेथ म्हणाले. वेंडेल हार्कीने टाय ओढला.

आज कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर त्याची जर्सी भिंतीवर कायमची लागणार होती. एकेकाळी ओक्लाहोमाभर चेंडू फेकणाऱ्या या पिचरचा दरारा होता. पुढे खांदा गेला, बड्या संघांनी तोंड फिरवलं आणि गडी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायला लागला. तरी न्हाव्याच्या दुकानात त्याच्यासाठी अजून खुर्ची रिकामी होते, ती एका सामन्यामुळे. नऊच्या नऊ डावांत त्याने समोरच्या संघाला एकही फटका मिळू दिला नव्हता.

निदान गुणांच्या वहीत तरी तसंच लिहिलं आहे.

आठव्या डावात समोरच्याने टोलवलेला एक चेंडू खड्यावर आपटून उडाला आणि तो अडवायला वाकलेल्या त्याच्याच संघातल्या रॉस्को प्रुइटच्या खांद्यावरून गेला. असा सामना चालू असताना पिचरशी कोणी बोलायचं नाही, हा रिवाज; म्हणून बाकावर सगळे चिडीचूप. सामना संपल्यावर गुण लिहिणारे म्हातारबुवा खाली आले.

"पोरा, मला वरून दिसलं नाही. अडवण्यासारखा होता का रे तो रॉस्कोला?"

वेंडेलने खडा पाहिला होता. "होता," तो म्हणाला.

अडवण्यासारखा चेंडू सुटला तर तो फटका धरत नाहीत; म्हणून वहीतला फटका खोडून रॉस्कोच्या नावावर चूक लागली आणि वेंडेलचा विक्रम झाला. पुढच्या वर्षी त्याला संघातून काढलं. गावाने त्याचं नाव 'गळका' ठेवलं. आता तो शाळेची बस चालवतो आणि पोरंसुद्धा त्याला त्याच नावाने चिडवतात. सव्वीस वर्षं वेंडेल ती बस दिसली की गल्ली बदलायचा.

आज रॉस्को तिसऱ्या रांगेत बसला होता. वेंडेल माइकपुढे उभा राहिला.

"आठव्या डावातला तो चेंडू खड्यावर उडाला होता. रॉस्कोची चूक नव्हती. मी पाहिलं होतं, आणि मी खोटं बोललो."

मागून कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात मोठं मन." अख्खं मैदान उभं राहिलं. कोचनी डोळे पुसले. "मित्रासाठी विक्रमसुद्धा सोडायला निघाला बघा."

"अहो, खरंच सांगतोय," वेंडेल म्हणाला. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. लाजेने त्याचे कान तापले.

फाटकाशी रॉस्को भेटला.

"बोललास, बरं केलंस."

"कोणी मानलं कुठे?"

"मीही हेच सांगत आलोय की. मी सांगितलं की हसतात. तुझ्यासाठी उभे राहिले." रॉस्कोच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वेंडेलला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात एक जाडा गृहस्थ वेंडेलच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला आणि त्याने आपला फोन रॉस्कोपुढे धरला. "फोटो काढ रे आमचा. आणि सांभाळून हं, पाडशील."

रॉस्कोने फोन दोन्ही हातांत नीट धरला. "जरा जवळ या," तो म्हणाला.