अळणी वाटा

चंद्रप्रकाशांनी अन्न टाकून अकरा दिवस झाले होते. पेज ओठांशी नेली की मान फिरवायचे. डॉक्टर नळी घालायचं म्हणत होते. अर्धं अंग लुळं पडलेल्या नवऱ्याचे सहा महिने वनमालाने काढले होते, पण हे अकरा दिवस निघता निघत नव्हते.

मग एका सकाळी ते पुटपुटले, "रानडुकराचा मटण. चुलीवर धुरवलेला."

गावाहून धाकटा दीर सीताराम चार काळे, कडक तुकडे केळीच्या सुक्या पानात बांधून घेऊन आला.

"वयनी, कोणाक सांगू नकात. जेलात जाईन."

"जा की. डबा पाठवीन."

तो हसला, पण दारात थांबला. "मीठ लावच्या आधी रानाचो वाटो काढा. अळणी. डोंगराकडे ठेवा."

तिला काय ते ठाऊक नव्हतं? सासू वाटण वाटताना म्हणायची,

रानाचं रानाला गं, आधी ठेवावं पानात
मग उतरावं मीठ, माझ्या घरच्या ताटात

मुलुंडच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. वनमालाने तुकडे कोमट पाण्यात भिजवले, धागा धागा सोडवला. तिरफळं ठेचली. कुंडीतला पानओवा चुरडला, रानतुळशीच्या मंजिऱ्या चोळल्या. ओला, हिरवा वास जुन्या धुरात मिसळला.

"आई, खालच्या काकूंना वास गेला ना, वाट लागेल," सून दिशा बाहेरून म्हणाली. आणि लगेच ओरडली, "आई! बाबांनी आवंढा गिळला!"

वनमालाने घाईने मिठाचा डबा ओढला. भरभर, भरभर, मूठभर मीठ सगळ्यावर पडलं.

मग आठवलं.

तिने एक तुकडा उचलून नळाखाली धरला, तीनदा चोळून धुतला. धुतलं की अळणीच की, असं स्वतःला समजावत पानावर घालून तो खिडकीत ठेवला.

चंद्रप्रकाश जेवले. एक वाटी, दुसरी, तिसरी. वनमाला पदराने डोळे पुसत वाढत राहिली. चौथ्या वाटीला त्यांनी तिचा हात बाजूला सारला, लुळ्या हाताने. मग उठले. सहा महिने न टेकलेला पाय जमिनीवर टेकला आणि ते खिडकीपाशी गेले.

पानावर वाकून त्यांनी हुंगलं. नाकानेच तो तुकडा ढकलून दिला.

"खारट," ते म्हणाले. आवाज घशाच्या फार आतून आला होता. "माझो वाटो खंय?"

दिशाने सासूचा दंड घट्ट धरला. वनमालाला कळलं, रान आपला वाटा मागायला आलं होतं. समोर तोच चेहरा होता, हनुवटीवरचा तोच व्रण, आणि श्वासाला धुराचा वास.

तिने ताटलीत नुसता भात घेतला, मिठाचा कण नसलेला. जवळ जाऊन घास पुढे केला. त्याने तो तिच्या तळहातावरून ओठांनी उचलला. शांतपणे चावला. दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात बाहेर, झाडीतून, डोंगराच्या उतारावरून हाक आली. दमलेली, लांबची, पण तिच्या नवऱ्याची.

"वनमाला, भूक लागली गो."