बोटांना न लागलेली गाठ

शिंपीकाकांचा आपल्या बोटांवर भारी भरवसा. गेल्या वर्षी त्यांच्या ढब्बूच्या गळ्याखालच्या गाठी त्यांनाच पहिल्यांदा लागल्या. कुत्र्यालाही कॅन्सर होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. औषधांनी गाठी विरल्या आणि ढब्बू पुन्हा शिलाई मशीनशेजारी पसरू लागला.

तरी सून त्याला अधूनमधून रक्त तपासायला न्यायचीच. खरं तर तिला कुत्र्यांची धास्ती. पण सासूबाई गेल्यापासून काकांना ढब्बूचाच काय तो आधार, हे ती बघत होती.

या खेपेला रिपोर्ट बघताना प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "काका, याच्या रक्तातलं एक प्रथिन वाढलंय. आजार होता तेव्हाही असंच वाढलं होतं."

"अहो, मी रोज चाचपतो. गळा साफ आहे. खातोय, हुंदडतोय. चांगल्या जनावराला कशाला सुया टोचायच्या?"

"बोटं तुमची बरोबरच सांगतात. पण ती पोटात कशी पोचणार? नुसत्या रक्तावरून मीही औषध देणार नाही. सोनोग्राफी करून खात्री करू."

काका पट्टा धरून उठलेच. सून मात्र खुर्चीवरून हलली नाही.

"बाबा, एकदा बघू या. काही निघालं नाही तर घरी गेल्यावर मला काय हवं ते बोला."

निघालं. आतड्यालगत एक ग्रंथी सुजली होती, आणि सुईनं घेतलेल्या नमुन्यात तोच जुना आजार सापडला. औषधं लगेच सुरू झाली. सुरुवातीला ढब्बू अन्नाला तोंड लावेना. काकांच्या हातचाही घास घेईना. तेव्हा हीच सून भिंतीला चिकटून, हात लांब करून त्याला तळहातावर भरवायची. त्याचे दात लागले तरी तिनं हात मागे घेतला नाही.

पुढे रक्तातला आकडा खाली आला. सोनोग्राफीतही काही दिसलं नाही.

"हा आजार परत डोकं वर काढू शकतो," डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं. "आपण लक्ष ठेवू. लवकर कळलं, म्हणून निभावलं."

काकांनी त्यांना हात जोडले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते सुनेजवळ थांबले. आभार मानायची जिभेला सवय नव्हती. बायकोचेसुद्धा मानायचे राहिलेच.

"पोरी, त्या दिवशी मी उठलो होतो. तू बसून राहिलीस, म्हणून हा आज आहे."

"मला तर उठायलाच जमत नव्हतं, बाबा," सून म्हणाली. "तो माझ्या पायावर बसला होता."