गाडीखालचा पाय

"हा पाय माहा हाये," निजामुद्दीन म्हणाले आणि त्यांनी फोटोवर बोट टेकवलं. टेकवण्याआधी पायजम्याला पुसून घेतलं.

नागपूरहून वणीला त्यांच्या घरी आलेल्या अश्वजितने फोटो आपल्याकडे वळवला. घनश्यामबाबूंच्या नातवाने जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढलं होतं, तिथे हा तरुण नोकरीला. फोटो एकाहत्तर सालचा. मधोमध बिनछपराची रेसिंग कार. तिच्यावर हात ठेवून उभे घनश्यामबाबू, शेजारी त्यांच्या पत्नी, एक घड्याळवाले गृहस्थ आणि कुत्रा. खाली सगळ्यांची नावं छापलेली, कुत्र्याचंसुद्धा. गाडीखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. त्यांना तेवढं नाव नव्हतं.

"चाचा, पायावरून कसं सांगायचं? काही कागद असंन ना. पगाराची चिठ्ठी, नकाशे..."

"नकाशे होते ना. गॅरेजच्या फरशीवर. खडूनं, गाडीच्याच मापाचे. चाकाच्या जागी चाक ठेवून पाहो."

"त्याचा फोटो?"

"गाडी बनली, फरशी धुतली."

अश्वजितने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

एकोणिसाव्या वर्षी निजामुद्दीन वणीहून नागपूरला गेले, ते घनश्यामबाबूंच्या जिनिंगमधलं इंजिन दुरुस्त करायला. बाबूंना शर्यतीचा शौक होता. शौक बाबूंचा आणि डोकं निजामुद्दीनचं, अशी ती गाडी झाली. फियाटचं इंजिन सीटच्या मागे बसवायचं, हे त्यांनाच सुचलं. पेडलपासून कडीपर्यंत दिसेल त्या लोखंडाला भोकं पाडून त्यांनी वजन कमी केलं. गाडीखाली जाताना ते चपला काढत. लोकांना वाटे, मोठी श्रद्धा आहे. खरं तर इंजिन चालू असताना तळवा चेसिसला लावला की कुठला बोल्ट सैल आहे ते त्यांना कळायचं. डाव्या पायाची करंगळी याच गाडीच्या गिअरबॉक्सखाली गेली. पाच हंगाम ती गाडी मद्रासकडच्या जुन्या धावपट्टीवर धावली, तीनदा पहिली आली. मग बाबूंचा शौक बदलला आणि घोडे आले. घोड्याला इंजिनियर लागत नाही.

ज्याने तारुण्य गाडीतून वजन काढण्यात घालवलं, तो माणूस पुढची पन्नास वर्षं वणीत कोळशाने लादलेल्या टिपरचे वाकलेले स्प्रिंग-पाटे बदलत राहिला. तक्रार कधी केली नाही. पण मागच्या महिन्यात पेपरात आलं, 'घनश्यामबाबूंनी स्वतः घडवलेली रेसिंग कार', आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी निजामुद्दीननी संग्रहालयाला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. मागणं एकच होतं. गाडीशेजारच्या पाटीवर, ती कोणी बनवली तेवढं खरं लिहा.

"या फोटोतल्या पायाले करंगळी नाही," अश्वजित भिंग लावून म्हणाला. मग जरा चाचरला. "चाचा, तुमचा पाय... संग्रहालयाच्या समितीसाठी फोटो घेतला तर चालंन काय?"

निजामुद्दीननी पाय मागे ओढून घेतले. दाराशी उभी असलेली त्यांची बायको हजराबी आत गेली, ती कोमट पाणी आणि वज्री घेऊनच आली.

"दाखवा ना जी. मले पाह्यले आलते तवा तुमच्या अम्मीनं माहे घोटे, टाचा, समदं पाह्यलतं. आता तुमची बारी."

तिने पाय घासला. पन्नास वर्षांचं ऑइल, ते काय एका वज्रीने जातंय. अश्वजितने तीन बाजूंनी फोटो घेतले, "जरा अंगठा वर, चाचा," असं अगदी अदबीने म्हणत. चहा प्यायला, पोहे खाल्ले आणि मुलगी पाहायला आलेले म्हणतात तसंच म्हणाला, "नंतर कळवतो."

बाराव्या दिवशी फोन आला. निजामुद्दीन चंद्रपूर रोडवरच्या आपल्या दुकानात होते.

"चाचा, समितीनं मानलं. पाय तुमचाच हाये. पितळी पाटी तयार झाली, उद्या लागते. फोटो पाठवला, पाहा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. 'आरेखन व निर्मिती : घनश्यामबाबू. गाडीखाली : निजाम, मेकॅनिक.'

"बेटा, गाडी मी बनवली."

"मले पटते चाचा. पण समिती म्हणते, पुराव्यात माणूस गाडीखाली हाये. गाडीखाली असते तो मेकॅनिक. इंजिनियर बाजूले उभा राह्यते."

पाय धुऊन, घासून त्यांनी साक्ष दिली होती, ती स्वतःच्याच विरुद्ध.

"अरे, जो बनवते त्यालेच खाली जा लागते. उभा राह्यते तो मालक."

"खरं हाये तुमचं. पण मी नोकर माणूस, चाचा."

"माहीत हाये. तुह्यावर राग नाही." त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला. "पाटी उद्या लागते म्हणतो?"

"हो."

"मंग माहं नाव त्याच्यातून काढून टाक."

"चाचा, एवढ्या मुश्किलीनं तर..."

"पाय राहू दे. पायाले नाव नको."

फोन खिशात जातो न जातो तोच शेजारचे बॅटरीवाले बाबाराव चहाचे दोन ग्लास घेऊन आले. संग्रहालयाची बातमी हजराबीने गल्लीभर केलीच होती.

"नागपूरचा होता ना फोन? लागून राह्यली ना पाटी?"

"लागते उद्या."

"वा. नाव काढलं, निजामभाई. नाव काढलं तुमी."

"हो," निजामुद्दीन म्हणाले. "आत्ताच काढलं."

बाबाराव खूश होऊन हसले. त्यांनी रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याला हाक मारून तेच सांगितलं. मधून कोळशाची एक गाडी धूळ उडवत गेली. धूळ बसल्यावर दिसलं, टायरवाल्याने तिकडून शाबासकीचा हात वर केला होता.

निजामुद्दीननीही हात वर केला, आणि टायरवाला आपला हात खाली घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.