कॉम्प्युटरात बसलेला उखर्डू

सोसायटीच्या ऑफिसाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत नवाकोरा कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे नारळ फोडून बसलेला वना भगत. एरंडोलजवळच्या आमच्या केळी सोसायटीचं भाग्यच थोर! ब्याण्णव साली मशीन आलं आणि पाठोपाठ त्यात भूतही आलं.

"लिख वच्छलाबाईनं नाव," भगत डोळे पांढरे करून म्हणाला.

कारकून सुपडूने टाइप केलं: वच्छलाबाई उखर्डू उर्फ लीलाधर तोताराम पाटील. पडदा गपकन काळा झाला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"उखर्डूना आत्मा शे मशीनमा! त्याना घरना माल भरशात, ते बठ्ठासना माल सडी जाई!" भगत गरजला, तशी सगळ्यांनाच आपापल्या मालाची धास्ती पडली.

उखर्डूची विधवा वच्छलाबाई दाराबाहेर उभी होती. तिचे कापलेले घड बांधावर पिकून काळे पडत होते, पण मशीन रोज तिच्याच नावावर बंद पडत होतं, आणि त्यात नोंद झाल्याशिवाय माल ट्रकवर चढणार नव्हता.

"जित्ता व्हता तव्हयबी त्यानी कोनले तरास दिधा नही," ती म्हणाली. तिच्याकडे पाहवत नव्हतं.

दुपारी पिंप्राळ्याहून कुंदा चौधरी आल्या. सोसायटीचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यांनी एक फ्लॉपी घातली. मेमरीवर पहारा ठेवणारा प्रोग्राम तिच्यात होता. जिथे गडबड होईल, तिथेच तो काम थांबवून ती ओळ दाखवायचा. सुपडूने पुन्हा नाव टाइप केलं. ओळ दिसली आणि कुंदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"चूक माझी. नावाला मोजक्याच अक्षरांची जागा ठेवली. पायलीत मावत नाही ते खाली सांडणारच. जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडली, तिथलं काम बिघडलं आणि प्रोग्राम कोसळला."

आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला उकिरड्यावर लोळवून उखर्डू म्हणतात. सातबाऱ्यावर मग 'उर्फ' लावून खरं नावही येतं आणि नाव लांबतं. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं नाव, आणि त्यापायी बायको अपशकुनी ठरली!

भगत उसळला. "मन्हा मंतरनी परीक्षा ल्या!"

"घेऊ की," कुंदाबाई म्हणाल्या. "महाराज, तुमचं पूर्ण नाव?"

त्याने छाती फुगवली. "सिद्धयोगी भूतनिवारक श्री श्री वनानाथ महाराज अंजनीकाठवाले!"

सुपडूने टाइप केलं. पडदा काळा.

"आं?" मागून बेबाबाई ओरडली. "बाबा ते जित्ता शे, मंग त्याना आत्मा मशीनमा कसा शिरना?"

हशा इतका उसळला की महाराजांनी नारळाच्या वाट्याही मागे सोडल्या. कुंदाबाईंनी नावाची जागा वाढवली, वच्छलाबाईचं नाव पडद्यावर नीट उमटलं आणि माल ट्रकवर चढला.

मशीन अडलं तर ते कुठे अडलं ते शोधा. शोधता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला बोलवा. आणि तोवर कुणा बाईला अपशकुनी म्हणू नका. वच्छलाबाईचा निम्मा माल तोपर्यंत सडला होता, आणि तो सडवला होता आमच्या शिकल्यासवरल्या उभ्या गावाने.